‘मैत्रीण’ या शब्दाच्या आड

मुंबई-पुण्यात दोन पुरुषांना किंवा एकत्र राहू इच्छिणाऱ्या अविवाहित स्त्री-पुरुषांना भाड्याचे घर मिळवताना जेवढी पायपीट करावी लागते, तेवढी दोन नोकरदार तरुणींना सहसा करावी लागत नाही. ‘वर्किंग लेडीज’ म्हटले की एजंटाचा चेहरा खुलतो, सोसायटीचे चिटणीस फारशी चौकशी करत नाहीत, लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर दोघींची नावे एकाखाली एक लागतात आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंदणीही विनासायास पार पडते. पुढे दोघी हातात हात घालून बाजारात गेल्या, एकीच्या आजारपणात दुसरीने रात्र जागून काढली, सणाला दोघींनी सारख्या साड्या घेतल्या, तरी कोणी वळून पाहत नाही. स्त्रियांच्या जवळिकीला आपल्याकडे ‘जिवाभावाच्या मैत्रिणी’ हे नाव तयारच असते. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीचे शहरातले दैनंदिन जीवन बव्हंशी या नावाच्या आश्रयाने चालते. मात्र या आश्रयाची मुदत ठरलेली असते. पंचविशी उलटली की घरून फोन सुरू होतात, स्थळे सांगून येतात आणि ‘मैत्रिणीबरोबर आणखी किती दिवस राहणार?’ हा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्यासाठी लागणारा शब्दच मग सापडत नाही.

मराठीतील ‘समलिंगी’ किंवा ‘समलैंगिक’ हे शब्द वैद्यक आणि कायद्याच्या पुस्तकांतून आलेले आहेत. ते उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. ‘लेस्बियन’ हा शब्द ग्रीसच्या लेस्बॉस बेटावरून आला. स्त्रियांवरील प्रेमाच्या कविता रचणारी प्राचीन कवयित्री सॅफो त्या बेटावरची. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुली हा शब्द किंवा अलीकडचा ‘क्वीअर’ हा अधिक व्यापक शब्द स्वतःसाठी सहज वापरतात. परंतु आईशी बोलताना दोन्ही निरुपयोगी ठरतात. पुष्कळ घरांत सगळी बोलणी ‘तिला लग्नच करायचे नाही म्हणे’ या एका वाक्यावर येऊन थांबतात, आणि वर्षानुवर्षे तिथेच थांबलेली राहतात. शब्दांचा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. तामिळनाडूमध्ये न्यायालयाच्या पुढाकारानंतर राज्य सरकारने २०२२ मध्ये अशा व्यक्तींचा उल्लेख सन्मानाने करण्यासाठी तमिळ शब्दांची अधिकृत सूचीच प्रसिद्ध केली.

रंगभूमीवरची सुमित्रा

मराठी साहित्य आणि चित्रपट या विषयाकडे फिरकलेच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. विनय आपटे यांचे दिग्दर्शन आणि रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेली सुमित्रा यांमुळे ते गाजले. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचे उपकथानक होते. त्या काळाच्या मानाने दोन्ही कलाकृती धाडसीच होत्या. तथापि ‘मित्रा’ची गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू आणि तिचा शेवट होतो आत्मनाशात. ‘उंबरठा’तील त्या दोघी संस्थेपुढची एक अडचण म्हणून येतात. दोन बायका संसार करतात, भाजी कोणी आणायची यावरून भांडतात, कर्जाचे हप्ते फेडतात, असे चित्र मराठी प्रेक्षकापुढे आले नाही. त्याआधी १९४२ मध्ये इस्मत चुगताई यांनी उर्दूत ‘लिहाफ’ ही कथा लिहिली, तेव्हा त्यांच्यावर लाहोरमध्ये अश्लीलतेचा खटला चालला होता. त्यातून सुटलेल्या चुगताई पुढे मुंबईतच राहिल्या.

प्रत्यक्ष जगण्यातील एक प्रसंग देशभर गाजला तो डिसेंबर १९८७ मधला. मध्य प्रदेश पोलीस दलातील लीला नामदेव आणि उर्मिला श्रीवास्तव या दोन महिला शिपायांनी देवळात एकमेकींशी लग्न केले. दोघींना नोकरी गमवावी लागली. या दोघी ना महानगरातल्या होत्या, ना इंग्रजी शिकलेल्या वर्गातल्या. ‘हे सारे पाश्चात्त्यांचे फॅड’ असे म्हणणाऱ्यांपुढे त्यांचे उदाहरण आजही ठेवले जाते.

एकमेकींना शोधताना

संघटित प्रयत्नांची सुरुवात नव्वदच्या दशकात झाली. दिल्लीत गीती थडानी यांनी १९९१ मध्ये ‘सखी’ सुरू केली. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला. पुढे तो ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९७ मध्ये दिल्लीत ‘संगिनी’ आणि १९९९ मध्ये कोलकात्यात ‘सॅफो’ सुरू झाली. मोबाइल घरोघरी पोहोचण्यापूर्वीचा हा काळ होता. पोस्ट बॉक्सवर येणारी पत्रे आणि ठरावीक वारी, ठरावीक वेळी चालणारी फोनलाइन ही संपर्काची साधने. घरातला फोन दिवाणखान्यात असल्यामुळे फोन करणारीला सार्वजनिक बूथ गाठावा लागे, आणि तिथेही मागे रांग असे. अशा वेळी पलीकडून एक स्त्री ‘तू एकटी नाहीस’ एवढे बोलली तरी त्याचे मोल किती, हे त्या पिढीतील स्त्रियांच्या लेखनात वारंवार येते. अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेला ‘फेसिंग द मिरर’ हा भारतीय समलिंगी स्त्रियांच्या लेखनाचा इंग्रजी संग्रह १९९९ मध्ये आला. तो या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

त्याच सुमारास दीपा मेहता यांच्या ‘फायर’ने हा विषय चव्हाट्यावर आणला. शबाना आझमी आणि नंदिता दास यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट नोव्हेंबर १९९८ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. दोन डिसेंबरला शिवसेनेच्या महिला आघाडीने मुंबईत त्याचे खेळ बंद पाडले. लगोलग दिल्लीत रीगल चित्रपटगृहावर हल्ला झाला. चित्रपट पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे गेला आणि काटछाट न होता १९९९ मध्ये परत झळकला. पण अधिक महत्त्वाची घटना पडद्याबाहेर घडली. सात डिसेंबरच्या संध्याकाळी ‘रीगल’समोर मेणबत्त्या घेऊन जमलेल्या निदर्शकांत काही स्त्रिया ‘भारतीय आणि लेस्बियन’ असा फलक घेऊन उभ्या होत्या. आविष्कारस्वातंत्र्याच्या वादात लेस्बियन हा शब्द शक्यतो येऊ नये, असे खुद्द काही समर्थकांनाही वाटत होते, हे येथे नमूद करायला हवे.

आता शोधाची साधने बदलली आहेत. दोन हजारच्या दशकात याहू ग्रुप आणि ऑर्कुट होते. आज बंबल, टिंडर आणि केवळ अशा स्त्रियांसाठी काढलेले ‘हर’ यांसारखी अ‍ॅप्स आहेत. तरीही काम सोपे झाले असे नाही. स्त्रीच्या नावाने खाते उघडलेले पुरुष आणि ‘आम्हा नवरा-बायकोला तिसरी हवी आहे’ असे प्रस्ताव यांची गर्दी इतकी, की खरी व्यक्ती हुडकण्यातच उमेद संपून जाते. त्यामुळे एक अलिखित शिष्टाचार रूढ झाला आहे. आधी व्हिडिओ कॉल करायचा, मग ओळखीची एखादी सामाईक मैत्रीण निघते का ते पाहायचे आणि पहिली भेट दिवसाउजेडी, गजबजलेल्या कॅफेत ठेवायची. सामाईक मैत्रीण बहुधा निघतेच, कारण वर्तुळ लहान असते. एकीची पूर्वीची जोडीदार दुसरीची आजची मैत्रीण असते आणि तिसरीच्या वाढदिवसाला तिघींनाही एकाच खोलीत बसावे लागते. या वर्तुळात विनोदाला त्यामुळे तोटा नसतो. मन मोडल्यावर मात्र तोंड लपवायलाही जागा उरत नाही.

वेळ आणि जागा या त्यापुढच्या अडचणी. पुरुषांना रात्रीचे शहर मोकळे असते. मुलीला दिवेलागणीला घरी पोहोचायचे असते. आई-वडिलांसोबत राहणाऱ्या तरुणीचे प्रेम लोकलचा महिला डबा, कॉलेजचा कट्टा आणि रविवारची दुपार एवढ्यात बसवावे लागते. उलट मैत्रिणीला मुक्कामाला घरी आणले तर आईच अंथरूण घालून देते. अ‍ॅप्सचा व्यवहार प्रामुख्याने इंग्रजीत आणि महानगरांपुरता. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीला जोडीदार भेटते ती बहुधा नर्सिंगच्या वसतिगृहात, कबड्डीच्या संघात किंवा पोलीस भरतीच्या मैदानावर. आपल्या भावनेला नाव आहे, हे तिला कळते ते फार उशिरा.

अशा मुलींपर्यंत मराठीतून पोहोचण्याचे काम पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या ‘समपथिक ट्रस्ट’ने २००२ पासून हेल्पलाइन आणि पुस्तकांच्या माध्यमातून केले. ते मुख्यतः पुरुषांमध्ये राहिले. तरी ‘समलिंगी’ हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. मुंबईतील ‘हमसफर ट्रस्ट’चा ‘उमंग’ हा गट लेस्बियन आणि उभयलिंगी स्त्रियांसाठी आणि पारलिंगी पुरुषांसाठी काम करतो. पारलिंगी पुरुष म्हणजे जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला पुरुष मानणारी व्यक्ती. ती लेस्बियन नव्हे. पण घरातला धाक दोघांच्याही वाट्याला सारखाच येतो. ‘लेबिया’ने अशा विविध पन्नास व्यक्तींशी बोलून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंब, शाळा, नोकरी आणि सार्वजनिक जागा येथील कोंडी त्यात त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते.

घर नावाची परीक्षा

कार्यालयातील सहकारी, जुने वर्गमित्र किंवा धाकटी भावंडे यांच्यापुढे मन मोकळे करणे तुलनेने सोपे जाते. शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी म्हणजे आई-वडील. बहुतांश घरांतील पहिली प्रतिक्रिया रागाची नसून ‘आमचे काय चुकले?’ अशी असते. त्यानंतर डॉक्टर, देवऋषी, ज्योतिषी किंवा ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ यांपैकी एखादा उपाय पुढे येतो. याबाबत वैद्यकाची भूमिका निःसंदिग्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तो आजार नसल्याचे जाहीर केले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही असे उपचार करून देणारे भेटतात, आणि मुलीला तिथे घेऊन जाणारे पालक वाईट हेतूने जात नाहीत, हे या प्रश्नाचे विदारक अंग आहे.

काही जणी लग्नाला उभ्या राहतात. काही जणी समलिंगी पुरुषाशी समजुतीचे लग्न करतात. ‘बधाई दो’ या २०२२ च्या हिंदी चित्रपटाने हीच तडजोड आणि तिच्यातले ताण दाखवले. कागदावर अशी तडजोड सोयीची दिसते. पण वर्ष-दोन वर्षांत ‘पाळणा कधी हलणार?’ हा प्रश्न येतो आणि दोनांच्या जागी चार आई-वडिलांशी खोटे बोलावे लागते.

दुसरीकडे पालकांतही हालचाल झाली आहे. ‘स्वीकार’ या पालकांच्याच गटातील चारशेहून अधिक जणांनी एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलामुलींना विवाहाचा हक्क मिळावा, अशी विनंती केली. मुलीने सत्य सांगितल्यापासून ते पत्रावर सही करण्यापर्यंतचा प्रवास एका रात्रीत झालेला नव्हता, असे या पालकांच्याच सांगण्यातून दिसते. नागपुरात डिसेंबर २०२१ मध्ये दोन तरुण महिला डॉक्टरांनी नातेवाईक आणि स्नेह्यांच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या, तेव्हा त्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. मुंबईत ऑगस्ट २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीपर्यंत ‘क्वीअर आझादी’ची पहिली मोठी मिरवणूक निघाली होती. त्यात काही जण मुखवटे लावून चालले होते. तेरा वर्षांत तोंडे उघडी झाली, हा बदल सामान्य नव्हे.

कायद्याची वाट

भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ इंग्रजांनी आणले, तेव्हा त्यांच्या मनात पुरुष होते. खुद्द इंग्लंडमध्ये स्त्रियांमधील संबंध कधीच गुन्हा नव्हते. १९२१ मध्ये तसा प्रयत्न झाला, पण ज्या बायकांना हे ठाऊक नाही त्यांना उगाच कळेल, या युक्तिवादापुढे तो उमरावांच्या सभागृहात बारगळला! भारतातही स्त्रियांवर या कलमाखाली खटले भरण्यापेक्षा धमकी म्हणूनच त्याचा वापर अधिक झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना या कलमातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संमतीचे संबंध कायमचे गुन्हेमुक्त केले. या लढाईतील मेनका गुरुस्वामी आणि अरुंधती काटजू या दोन वकिलांनी पुढे २०१९ मध्ये आपण जोडीदार असल्याचे जाहीरपणे सांगितले.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र खरी झुंज ३७७ ची नव्हतीच. मुलगी घर सोडून जोडीदारणीकडे गेली की वडील पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ची, बऱ्याचदा अपहरणाची किंवा दागिने चोरल्याची तक्रार देतात. मुलगी सज्ञान असेल तर तिचा जबाब घेऊन तिला हवे तिथे जाऊ देणे एवढेच पोलिसांचे काम. प्रत्यक्षात तिला ठाण्यात बोलावले जाते, तिथे सगळे नातेवाईक आधीच बसलेले असतात आणि ‘समजूत काढून’ तिला घरी पाठवले जाते. अशा वेळी मागे राहिलेल्या जोडीदारणीला एकच मार्ग उरतो. डांबून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी करणारी हेबियस कॉर्पस याचिका. केरळ उच्च न्यायालयाने ३१ मे २०२२ रोजी अशाच याचिकेवर दोन तरुणींना एकत्र राहण्यास मोकळे केले. मद्रास उच्च न्यायालयात मदुराईहून पळून आलेल्या दोन मुलींचे प्रकरण २०२१ मध्ये आले. त्या वेळी न्या. आनंद व्यंकटेश यांनी या विषयातले आपले अज्ञान निकालात कबूल केले आणि निकालापूर्वी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन तो समजून घेतला. न्यायाधीशाने असे करणे विरळाच. सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ रोजी अशा याचिकांसाठी देशभरातील न्यायालयांना सूचना दिल्या. मुलीशी कुटुंबाच्या दडपणाबाहेर, खासगीत बोलावे आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलण्याचा प्रयत्न होऊ देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. २२ मे २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. घरच्यांनी अडकवलेल्या एका तरुणीला मुक्त करताना, विवाह हा कुटुंब उभे करण्याचा एकमेव मार्ग नाही आणि निवडलेले कुटुंबही कुटुंबच, असे न्यायालयाने नोंदवले.

विवाहाचे दार अजून बंद आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे घटनापीठाने एकमताने म्हटले. जोडप्याच्या नात्याला अन्य कायदेशीर दर्जा आणि एकत्रित दत्तकाचा हक्क हे मुद्दे तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले गेले. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये नामंजूर झाल्या. केंद्र सरकारने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२४ मध्ये तीन खुलासे केले. समलिंगी जोडप्याला बँकेत संयुक्त खाते उघडता येईल आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करता येईल, शिधापत्रिकेसाठी दोघांना एका घरातले मानले जाईल आणि जवळचे नातेवाईक नसल्यास मृत जोडीदाराच्या पार्थिवावर दावा करता येईल. दोन स्त्रियांना संयुक्त खात्यासाठी बँकेने पूर्वीही कधी अडवले नव्हते, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईलच.

राहतो तो कागदपत्रांचा व्यवहार. जाणत्या जोडपी तो वेळीच पुरा करतात. अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आई-वडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. वीस वर्षे संसार केलेल्या जोडीदारणीला त्यात काहीही नाही. बँक खात्यात किंवा सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे मालकी मिळते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. नॉमिनी ही केवळ रक्कम किंवा भाग ताब्यात घेणारी व्यक्ती असते. म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र हवेच, आणि ते नोंदवलेले असेल तर पुढच्या वादात त्याचे वजन वाढते. घर घेताना दोघींची नावे आणि प्रत्येकीचा वाटा करारात स्पष्ट लिहावा लागतो. पती-पत्नीने एकमेकांना दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही, पण या जोडप्यातील पन्नास हजारांवरील भेट करपात्र ठरते. या भेदाला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मूल हवे असेल तर एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते, आणि २०२१ च्या कायद्यानुसार एकवीस ते पन्नास वर्षांच्या एकट्या स्त्रीला कृत्रिम गर्भधारणेचे तंत्रही उपलब्ध आहे. परंतु कागदावर आई एकच. दुसरीचे नाव शाळेच्या अर्जावर फार तर ‘तातडीच्या वेळी संपर्क’ या रकान्यात येते. रुग्णालयात दाखल होताना ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो, आणि त्यात बहुतेक जणी आजही ‘बहीण’ असे लिहितात. आडनावे वेगळी असल्यामुळे कोणी विचारलेच, तर ‘मावसबहीण’.